शाळांसाठी वेब डिझाइन, ई-लर्निंग, एलएमएस वगैरे – शिक्षकाने यात पूर्णवेळ उतरावं का?

निळीशाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. शाळेने मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायची यंत्रणा, म्हणजेच एलएमएस) घ्यायचं ठरवलं तेव्हा "तुम्हाला आवड आहे ना मॅडम" म्हणून ते माझ्याकडे आलं आणि मला ते खरंच आवडायला लागलं. एचटीएमएल, सीएसएस बऱ्यापैकी जमतं, जावास्क्रिप्ट दुसऱ्याचं वाचून कळतं पण कोऱ्या फाइलपासून सुरुवात करायला अजून जमत नाही. एचफाइव्हपी हे परस्परसंवादी धडे बनवायचं टूल वापरून काही धडे केलेत, मुलं ते आपणहून परत उघडतात हे रिपोर्टमध्ये दिसतं तेव्हा फार बरं वाटतं.

तर आता मनात आहे की हेच पूर्णवेळ करावं. पण जाहिराती वाचल्या की गोंधळ उडतो. कुठे इन्स्ट्रक्शनल डिझायनर, कुठे लर्निंग एक्सपिरियन्स डिझायनर, कुठे एडटेक स्पेशालिस्ट, आणि खाली कामाची यादी वाचली तर सगळीकडे सगळंच मागितलेलं, ग्राफिक्स पण या, कोडिंग पण या, व्हिडिओ एडिटिंग पण या. या क्षेत्रात आत असलेल्यांनी सांगा की प्रत्यक्षात कामं कशी विभागलेली असतात, कोडिंग किती लागतं, आणि शिकवण्याच्या अनुभवाला तिथे किंमत असते की तो बायोडेटात एक ओळ होऊन पडून राहतो?

गणूचामाऊस

धागा वाचनखूण साठवली. माझाही हाच प्रश्न आहे फक्त उलट्या बाजूने, मी डेव्हलपर आहे आणि मला शाळेत यायचंय. आपण अदलाबदल करू का?

निळीशाई

@गणूचामाऊस, नववीच्या उत्तरपत्रिका तपासायला या, मग बोलू.

रेघांचीवही

चांगला विषय. मी इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणून काम करते, आधी भाषा शिकवायचे. पदांच्या नावावरून काही कळत नाही हे अगदी खरं, म्हणून मी नेहमी सांगते की नाव बघू नका, तुमच्या हातून शेवटी बाहेर काय पडणार ते विचारा. आमच्या हातून स्टोरीबोर्ड बाहेर पडतो. म्हणजे या पडद्यावर मूल काय बघेल, काय करेल, चुकलं तर त्याला काय सांगायचं, पुढे कुठे जायचं. तो स्टोरीबोर्ड घेऊन कोर्स बांधणारा वेगळा असू शकतो, त्याला डेव्हलपर म्हणतात पण बहुतेक वेळा तो ऑथरिंग टूल, म्हणजे कोर्स बांधायचं तयार सॉफ्टवेअर, चालवतो, हाताने कोड लिहित नाही. वेबसाइटचं किंवा ॲपचं खरं कोडिंग करणारी टीम आणखी वेगळी. छोट्या कंपनीत हे तिन्ही एकाच माणसाकडे असतं आणि जाहिरातीतली ती लांबलचक यादी तिथून येते.

शिकवण्याच्या अनुभवाबद्दल मात्र ठामपणे सांगते, तो सगळ्यात महाग भाग आहे. टूल कुणीही शिकतं. मूल नेमकं कुठे अडखळेल हे आधीच ओळखता येणं ही गोष्ट वर्गात उभं राहिल्याशिवाय येत नाही. मुलाखतीत मला कुणी सॉफ्टवेअरबद्दल फारसं विचारलं नव्हतं, "या धड्यात विद्यार्थी कुठे गोंधळेल" असं विचारून एक धडा समोर ठेवला होता.

कपाटातलासर्व्हर

मी शाळेच्या आतल्या बाजूने लिहितो. पद टेक्नॉलॉजी कोऑर्डिनेटर. बाहेरच्यांना वाटतं आम्ही नवनवीन ॲप शोधत बसतो, पण सत्राच्या सुरुवातीला निम्मा वेळ विद्यार्थ्यांच्या याद्या वर चढवण्यात जातो. ऑफिसमधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी यादी) येते, ती कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून परत साध्या सीएसव्हीत सेव्ह केलेली असते, मग देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग, आणि हजेरी क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडालेली. फाइल यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) मध्येच ठेवायची आणि क्रमांकाचा कॉलम टेक्स्ट म्हणून आयात करायचा, एवढं ऑफिसला एकदा बसून शिकवलं की वर्षभराची डोकेदुखी वाचते. हे काम कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं, पण ज्याला येतं त्याच्यावाचून शाळेचं पान हलत नाही.

दुसरं म्हणजे नेटवर्क. डिझायनर मंडळी आपल्या टेबलावर एकट्याने व्हिडिओ चालवून बघतात, छान चालतो. वर्गात ४० मुलं एकाच मिनिटाला प्ले दाबतात. व्हिडिओला इंटरनेटचा ३ एमबीपीएस वेग लागत असेल तर एका वर्गाला १२०, शेजारच्या वर्गाने तेच केलं तर २४०, आणि हे सगळं कॉरिडॉरमधल्या एका ॲक्सेस पॉइंटवरून, म्हणजे वायफायच्या एका पेटीवरून. म्हणून माझ्या दृष्टीने चांगला शैक्षणिक वेब डिझायनर तो, जो पान हलकं ठेवतो. जिथे इंटरनेट भरवशाचं नाही तिथे कोलिब्रीसारखी यंत्रणा बघा, लर्निंग इक्वालिटी नावाच्या ना-नफा संस्थेने केलेली आहे, मोफत आहे, रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्रावरसुद्धा चालते आणि वर्गातली मुलं स्थानिक वायफायवरून जोडली जातात, बाहेरचं इंटरनेट नसलं तरी.

निळीशाई मॅडम, तुम्ही हे मूडलचं काम करताय म्हणजे तुम्ही या क्षेत्रात आधीच आहात. फक्त पद आणि वेळ मिळालेला नाही.

तिरकीचाल

मी विरोधी सूर लावतो, राग मानू नका. मी या क्षेत्रात विक्रीच्या बाजूला होतो आणि बाहेर पडलो. इथे विकत घेणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा. व्यवस्थापन डेमो बघतं, डॅशबोर्डवरचे रंगीत आलेख बघतं आणि सही करतं. मुलाला कुणी विचारत नाही. त्यामुळे कंपनीत डिझायनरवर दबाव असतो तो डॅशबोर्ड चकाचक करण्याचा, धडा चांगला करण्याचा नाही.

आणि नुसतं यंत्र दिल्याने शिकणं वाढत नाही हे जगाने बघितलेलं आहे. मुलामागे एक लॅपटॉप या कल्पनेचा २००५ पासून केवढा गाजावाजा झाला, पेरू देशाने लाखो लॅपटॉप घेतले आणि २०१२ मध्ये त्याचं मूल्यमापन आलं त्यात गणित आणि भाषेच्या चाचण्यांवर परिणाम दिसला नाही. चांगली शिक्षिका वर्गातून उठून या उद्योगात गेली तर माझ्या मते एकूण तोटाच आहे. वर्गातच राहा आणि जमेल तेवढं तिथे करा.

रेघांचीवही

@तिरकीचाल, पेरूचा मुद्दा बरोबर आहे पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष पटत नाही. तिथे यंत्रं पोचली, पण शिक्षकांनी ती धड्यात कशी गुंफायची याची तयारी फारच थोडी झाली. ही उणीव भरून काढायला शिकवण्याची जाण असलेली माणसंच लागतात ना? सगळ्या चांगल्या शिक्षकांनी वर्गातच राहायचं ठरवलं तर ही सॉफ्टवेअरं बनवणार कोण?

विकत घेणारा आणि वापरणारा वेगळा, याला मात्र पूर्ण अनुमोदन. नोकरी घेताना कंपनीला विचारा की शेवटचं कधी एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसून तुमचं उत्पादन वापरताना बघितलंत. उत्तरावरून सगळं कळतं.

कपाटातलासर्व्हर

+१ मागच्या बाकाला.

अत्तरदाणी

मी कोर्सेसचे व्हिज्युअल्स करते. निळीशाईताई, एक टीप, धडा बनवताना प्रत्येक गोष्ट तीन प्रकारे द्या, कारण काही मुलं व्हिज्युअल लर्नर असतात, काही ऐकून शिकणारी, काही हाताने करून. आम्ही प्रत्येक कोर्सच्या आधी मुलांकडून लर्निंग स्टाइलची प्रश्नावली भरून घेतो.

विषमभुज

@अत्तरदाणी, इथे थांबवतो जरा, कारण नवीन माणूस या क्षेत्रात येतोय आणि पहिल्याच दिवशी ही समजूत पदरात पडू नये असं मनापासून वाटतं. लर्निंग स्टाइल्सचा २००८ मध्ये पॅश्लर या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी सविस्तर आढावा घेतला होता. स्टाइलनुसार शिकवल्यावर त्या त्या मुलाला जास्त फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. आवड वेगळी असते हे खरं, पण भूमितीची आकृती सगळ्यांनाच बघावी लागते आणि उच्चार सगळ्यांनाच ऐकावे लागतात. माध्यम विषयावरून ठरवायचं, मुलावर शिक्का मारून नाही.

आणि तिन्ही प्रकार एकदम दिले तर उलट त्रास होतो. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांमधून हे वारंवार दिसलंय, चित्र दिसतंय, निवेदन ऐकू येतंय, आणि तेच निवेदन शब्द न् शब्द पडद्यावर पण लिहिलंय, अशा वेळी शिकणं कमी होतं. डोळे चित्र आणि मजकूर यांच्यात धावत राहतात.

अत्तरदाणी

@विषमभुज, ठीक आहे, वाचते. पण मग ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय? सबटायटल्स काढून टाकायची का?

विषमभुज

अजिबात नाही. सबटायटल्स हवीतच, चालू-बंद करता येतील अशी. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांना ती भाषा नवीन आहे, ज्यांच्याकडे हेडफोन नाहीत, त्या सगळ्यांसाठी. पडद्यावर कायमचा कोरलेला परिच्छेद आणि चालू-बंद होणारी ओळ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

कानानेवाचतो

सबटायटल्सवरून विषय निघालाच आहे तर लिहितो. मी दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) काम करतो, आणि माझी नोकरीच शैक्षणिक वेबसाइट्सची ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे त्या अपंगांनाही वापरता येतात का, ते तपासायची आहे. निळीशाईताईंनी पदांबद्दल विचारलं, हे पण एक पद आहे आणि याची माणसं फार कमी आहेत.

रोज काय सापडतं ते सांगतो. गणिताची समीकरणं चित्र म्हणून टाकलेली असतात, माझ्या कानात येतं "ग्राफिक". पुढे "ग्राफिक". उदाहरण संपलं. तीच समीकरणं मॅथएमएलमध्ये (वेबपानावर गणित लिहायची पद्धत) असतील तर योग्य जोडणी असलेला स्क्रीन रीडर अपूर्णांकाचा अंश कुठला, छेद कुठला ते वाचून दाखवू शकतो, आणि जानेवारी २०२३ पासून क्रोममध्येही मॅथएमएल परत आलंय त्यामुळे आता सबब उरलेली नाही. दुसरं, ओढून जागेवर सोडायचे प्रश्न. शिक्षकांना ते फार आवडतात. पण माउस न वापरणाऱ्याला काहीच करता येत नाही. डब्ल्यूसीएजी ही वेब ॲक्सेसिबिलिटीची आंतरराष्ट्रीय नियमावली, तिची २.२ म्हणजे ऑक्टोबर २०२३ ची आवृत्ती, त्यात स्पष्ट निकष आहे की ओढण्याच्या क्रियेला न ओढता करायचा पर्याय हवा, आणि कीबोर्डवरून सगळं करता यावं हा निकष तर कितीतरी जुना आहे. बटणं किमान २४ बाय २४ पिक्सेल, नेहमीच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट ४.५ ला १. फिकट राखाडी अक्षरं डिझायनरला शांत वाटतात, पण जुन्या प्रोजेक्टरवर शेवटच्या बाकावरच्या चांगल्या डोळ्यांच्या मुलालाही ती दिसत नाहीत.

आणि मराठी पानांसाठी एक खास, पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी आहे असं लिहा. बहुतेक ठिकाणी टेम्प्लेटमधली इंग्रजीच राहिलेली असते, मग माझा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो किंवा गप्प बसतो.

अक्षरजुळणी

@कानानेवाचतो, दादा, फारच मोलाचा प्रतिसाद. त्या भाषेच्या ओळीचा डोळस लोकांनाही फायदा आहे. देवनागरीत ल आणि श यांचं मराठी वळण वेगळं असतं, काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात पण पानाची भाषा मराठी सांगितली तरच मराठी वळण येतं. पहिलीतलं मूल पाटीवर एक ल गिरवतं आणि पडद्यावर दुसराच ल बघतं, हे टाळता येतं. शिवाय देवनागरीला ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं, वर रफार आणि मात्रा, खाली उकार आणि ऋकार. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी ओतलं की ओळी एकमेकींवर चढतात.

निळीशाई

@कानानेवाचतो, हे वाचून माझे सगळे धडे डोळ्यांसमोरून गेले. एक विचारू का, माझ्यासारखीला सुरुवात कुठून करता येईल? पूर्ण डब्ल्यूसीएजी वाचायला घेतलं तर दडपायला होतं.

कानानेवाचतो

ते वाचू नका सुरुवातीला. माउस बाजूला ठेवा आणि तुमचा एक धडा नुसत्या टॅब, एंटर आणि बाणाच्या बटणांनी पूर्ण करून बघा. मग एनव्हीडीए उतरवून घ्या, विंडोजसाठी मोफत आहे, मॉनिटर बंद करा आणि तोच धडा ऐका. एवढ्यात मोठ्या चुका सापडतात. बारकावे नंतर.

अर्धविराम

मी फ्रीलान्स कोर्स डेव्हलपर. एक किस्सा टाकतो, ज्यातून कोडिंग किती लागतं याचं उत्तर मिळेल. एका संस्थेला मोठा कोर्स करून दिला होता, तक्रार आली की मुलं निम्म्यावर सोडून जातात आणि परत आली की कोर्स पहिल्या पानापासून सुरू होतो. लहान कोर्सेस व्यवस्थित. दोन पुरवठादार एकमेकांकडे बोट दाखवत बसले, एलएमएसवाले म्हणायचे टूलचा दोष, टूलवाले म्हणायचे एलएमएसचा. मी ब्राउझरचं कन्सोल (पानाच्या आत काय चाललंय ते दाखवणारी खिडकी) उघडून बघितलं तर कोर्स स्कॉर्म १.२ या कोर्स पॅकेज करायच्या जुन्या स्टँडर्डमध्ये होता, आणि त्या स्टँडर्डमध्ये मूल कुठवर आलं ही माहिती साठवायला फक्त ४०९६ अक्षरांची जागा असते. मोठ्या कोर्सची माहिती त्यात मावत नव्हती, तुटत होती. स्कॉर्म २००४ च्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ती ६४००० केलेली आहे. पॅकेज बदलून दिलं, प्रश्न मिटला.

एक ओळ कोड लिहिला नाही. पण कन्सोल उघडून काय चाललंय ते वाचता आलं. निळीशाई, तुम्ही लिहिलंत ना की जावास्क्रिप्ट वाचून कळतं, निम्म्याहून जास्त पदांना तेवढं पुरतं. स्कॉर्म, एक्सएपीआय, एलटीआय ही तीन नावं आणि ती कशासाठी आहेत एवढं समजून ठेवा. ढोबळमानाने, स्कॉर्म म्हणजे कोर्सचं पॅकेज एलएमएसमध्ये घालून प्रगती नोंदवायला, एक्सएपीआय एलएमएसच्या बाहेरच्याही कृती नोंदवायला, आणि एलटीआय बाहेरचं टूल एलएमएसमधून थेट उघडायला, म्हणजे मुलाला वेगळा पासवर्ड लागत नाही.

कपाटातलासर्व्हर

पासवर्ड हा शब्द आता या धाग्यावर काढू नका. दुसरीच्या वर्गाचे आजच परत सेट करून आलोय.

जुनीडिस्क

टूलच्या मागे फार लागू नका याला माझं पण अनुमोदन, कारण माझी उमेदीची वर्षं फ्लॅशमध्ये, म्हणजे ॲनिमेशन आणि खेळ बनवायच्या ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. किती सुंदर गोष्टी व्हायच्या त्यात. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं आणि शाळांच्या पोर्टलवरचं, ब्राउझरमध्ये चालणारं सगळं उघडेनासं झालं. फेट सिम्युलेशन्सवाल्यांनी, म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठातला २००२ पासूनचा प्रकल्प, आपली जावा आणि फ्लॅशमधली सिम्युलेशन्स एकेक करून एचटीएमएल५ मध्ये परत लिहायला आधीच सुरुवात केली होती, म्हणून ती आज टॅबलेटवर पण चालतात.

अवांतर: शाळेतलं तंत्रज्ञान म्हटलं की लोकांना हे सगळं कालपरवाचं वाटतं. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये प्लेटो नावाची संगणकावर शिकवायची यंत्रणा सुरू झाली होती. प्लाझ्मा पडदा १९६४ मध्ये त्याच प्रकल्पासाठी शोधला गेला. पुढे त्याला टचस्क्रीन पण आली. आणि गंमत म्हणजे १९७३ मध्ये प्लेटोवर नोट्स नावाचा प्रोग्राम लिहिला गेला, एकाने प्रश्न टाकायचा आणि खाली बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. म्हणजे आपण आत्ता जे करतोय ते मूळचं शैक्षणिक सॉफ्टवेअरच.

गणूचामाऊस

@जुनीडिस्क, म्हणजे ऑफिसात धागे वाचताना पकडलं तर अभ्यास चाललाय म्हणून सांगता येईल!

विषमभुज

अवांतरात भर. मूडल सुरू करणारे मार्टिन डुजियामस हे आधी ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात दुसऱ्याच एका कंपनीची एलएमएस सांभाळायचे. लहानपणी वाळवंटी दुर्गम भागात राहून रेडिओवरच्या शाळेत शिकलेले. मूडलची पहिली आवृत्ती २००२ ची. शाळेची यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाला पुढे रस्ता नाही असं कुणी म्हटलं की मी हे सांगतो.

तिरकीचाल

सगळं छान, पण एआयचं कुणीच बोलत नाही. २०२२ च्या अखेरीला चॅटजीपीटी आल्यापासून प्रश्नसंच, धड्याचा मसुदा, क्विझ सगळं मिनिटांत होतंय. माझ्या ओळखीच्या कंपन्यांनी कंटेंट लिहिणाऱ्यांची भरती थांबवलीये. आत्ता नोकरी सोडून यात येणं धोक्याचं नाही का?

रेघांचीवही

कंटेंट लिहिण्याच्या साध्या कामावर परिणाम झालाय, हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. माझ्याकडेही आता मसुदे यंत्राने लिहिलेले येतात. पण त्यातली क्विझ बघा. बरोबर उत्तर बरोबर असतं, चुकीचे पर्याय मात्र बरेचदा असेच भरलेले असतात, कुठलंही मूल ते निवडणार नाही असे. चांगल्या प्रश्नात प्रत्येक चुकीचा पर्याय एका खऱ्या गैरसमजातून आलेला असतो, म्हणजे मुलाने तो निवडला की शिक्षकाला कळतं की गाडी कुठे अडलीये. ऋतू का बदलतात या प्रश्नाला "पृथ्वी उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ येते" हा पर्याय हवाच, कारण पुष्कळ मोठ्या माणसांनाही तेच वाटतं. यंत्राला विचारलंत तर तेही गैरसमजांची यादी देईल, पण त्यातला आपल्या वर्गात नेमका कुठला आहे हे मुलांच्या वह्या बघणाऱ्यालाच माहीत असतं.

विषमभुज

आणि क्विझ म्हणजे शेवटी घ्यायची परीक्षा ही कल्पना पण सोडायला हवी. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहायचा सराव केलेले पुढे होते. वेब धड्यात हे करणं किती सोपं आहे, दर थोड्या वेळाने मागचं काहीतरी आठवायला लावायचं. तरी बहुतेक कोर्सेस म्हणजे पुढे, पुढे, पुढे आणि शेवटी दहा प्रश्न.

मोरपीसवाला

मी पालक म्हणून लिहितो, क्षेत्रातला नाही. जे कुणी शाळांसाठी साइट बनवता त्यांनी कृपा करून मुलांची माहिती गोळा करताना विचार करा. मुलीच्या एका शैक्षणिक ॲपने लोकेशन मागितलं. गुणाकार शिकायला लोकेशन कशाला लागतं?

अर्धविराम

@मोरपीसवाला, अगदी योग्य प्रश्न. कायदेही आहेत आता, पण वयाची रेघ देशागणिक बदलते. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांसाठी कोपा कायदा आहे, युरोपच्या जीडीपीआरमध्ये १६, देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते, भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८ खालची सगळी मुलं धरलीयेत आणि पालकांची पडताळता येण्यासारखी संमती मागितलीये. आम्ही काम करताना एक साधा नियम पाळतो, जी माहिती नसली तरी धडा चालतो ती घ्यायचीच नाही. नाव सुद्धा नको असेल तिथे टोपणनाव. नवीन लोकांनी ही सवय पहिल्यापासून लावून घ्यावी, नंतर डेटाबेसमधून गोष्टी उपटून काढणं फार अवघड जातं.

निळीशाई

किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. मधे गायब होते कारण शाळेत बोलणी चालली होती. मुख्याध्यापकांना कपाटातलासर्व्हर सरांचं पदाबद्दलचं म्हणणं दाखवलं आणि विचारलं की मूडल आणि बाकी यंत्रणेचं काम अधिकृतपणे माझ्याकडे द्याल का, तासिका कमी करून. पुढच्या सत्रापासून हो म्हणालेत, निम्मा वेळ वर्ग आणि निम्मा वेळ हे. त्यामुळे तिरकीचाल यांचं आणि माझं दोघांचंही म्हणणं राखलं गेलं. दरम्यान पोर्टफोलिओसाठी एक धडा नीट करायला घेतलाय, दशांश अपूर्णांकांची तुलना. संख्यारेषेवर ठिपका सरकवायचा आणि मग प्रश्न, ०.४ आणि ०.३५ यात मोठी संख्या कुठली. ज्यांना वाटतं की ३५ हे ४ पेक्षा मोठे म्हणून ०.३५ मोठं, ती मुलं यात पकडली जातात. हा धडा पोर्टफोलिओला चालेल का? आणि सोबत काय लिहायचं?

रेघांचीवही

अभिनंदन!! पोर्टफोलिओला दहा चकचकीत धड्यांपेक्षा असा एक बरा. सोबत पहिली आवृत्ती, मुलांनी वापरताना काय झालं, त्यावरून काय बदललं आणि दुसरी आवृत्ती, एवढं लिहा. खूप मुलं लागत नाहीत, वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० मध्येच सांगितलं होतं की पाच जणांवर करून बघा, मोठे अडथळे तेवढ्यात दिसतात. मुलांचे चेहरे किंवा नावं रेकॉर्ड करू नका, फक्त टिपणं घ्या. आणि मूल अडलं तर लगेच सांगायला जाऊ नका, शिक्षकांना हे सगळ्यात कठीण जातं.

विषमभुज

धड्याच्या प्रश्नात एक फट आहे बघा. काही मुलांचा गैरसमज उलटा असतो, त्यांना वाटतं जितके कमी अंक तितकी संख्या मोठी, कारण दशांश हे शतांशापेक्षा मोठे. अशी मुलं ०.४ आणि ०.३५ मध्ये ०.४ निवडतील आणि तुमचा धडा त्यांना शाबासकी देईल. म्हणून सोबत ०.७ आणि ०.७५ ची जोडी टाका. पहिला गैरसमज असलेलं मूल ०.७५ म्हणेल, बरोबर, पण ०.३५ वर चुकेल. दुसरा असलेलं ०.४ बरोबर सांगेल आणि ०.७ वर चुकेल. दोन्ही उत्तरं एकत्र बघितली की कुणाला कुठला धडा पुढे दाखवायचा ते ठरवता येतं. ०.५ आणि ०.५० पण विचारा, समान हा पर्याय ठेवून.

निळीशाई

अरे हो! वर्गात असं होताना बघितलंय, मुलगा एका प्रश्नाला बरोबर आणि पुढच्याला चूक, आणि मी त्याला लक्ष नाही म्हणायचे. आजच जोडी टाकते. मूडलमध्ये उत्तरानुसार पुढचं पान बदलायची सोय लेसनमध्ये आहे, ते वापरेन.

कानानेवाचतो

संख्यारेषेवरचा ठिपका बाणाच्या बटणांनी सरकेल असं करा आणि शेजारी संख्या टाइप करायची चौकट ठेवा. ठिपका हलला की त्याची किंमत स्क्रीन रीडरला कळायला हवी, साधा रेंज इनपुट (एचटीएमएलमधली तयार सरकपट्टी) वापरलात तर ते आपोआप होतं, डिव्ह या रिकाम्या चौकटीवर स्वतः चित्र काढलंत तर सगळं हाताने सांगावं लागेल. झाला की लिंक टाका इथे, मी ऐकून बघतो आणि काय ऐकू आलं ते शब्दशः लिहून पाठवतो.